नहाणी ट्रॅप

खालच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा त्यांच्या हातात वाटी नव्हती, मोबाइल होता. तेव्हाच ओळखलं, काहीतरी ठिबकतंय.

"हे बघा," काकू म्हणाल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो, मधोमध ओल. "संक्रांतीला लिंबाएवढी होती. आता नातू म्हणतो, आफ्रिका दिसते."

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ओल वरून खाली येते, म्हणजे संशयित मीच. वास्तविक मला पाडव्याआधी फक्त हॉलची एक भिंत रंगवायची होती. एकच. शहाण्या माणसाने आधी पाणी बघावं आणि मग रंग, हे मलाही कळतं. पण पाडव्याच्या तोंडावर मोकळा रंगारी सापडला तर त्याला सोडायला छाती लागते.

"एक हात लांबी म्हणजे पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमर आणि वर दोन हात रंग," रंगारी म्हणाला होता. भिंतीवर दोन हातांचा हा माणूस फोनवर मात्र कायम तीन हात नाक्यावर असायचा. तरी एका दिवसाचं काम त्याने चार दिवसांत उरकलं, हे कबूल केलं पाहिजे. शेडकार्डावर त्या रंगाचं नाव चांगलं ओळभर होतं. आईने भिंत पाहिली आणि म्हणाली, "सायीचा."

भिंत वाळली आणि प्लंबर आला. चपला काढून बाथरूमच्या दारात उभा राहिला, मान हलवली आणि म्हणाला, "कोणी केलंय हे?" घर माझं असलं की केलेलं सगळं मीच केलेलं असतं, या हिशेबाने मी मान खाली घातली. मग तो उकिडवा बसला, जाळी उचलली आणि दोन बोटं आत घालून केसांचा लांबच लांब गुंता ओढून काढला. त्याच्या मागोमाग साबणाची एक चकती आणि लेकीची दिवाळीत हरवलेली क्लिप. क्लिपेवरून घरात झालेलं भांडण मला आठवलं, बायकोलाही आठवलं. दोघंही काही बोललो नाही.

"नहाणी ट्रॅप चांगला आहे," तो म्हणाला. जाळीखालच्या, सांडपाणी जातं त्या भांड्याचं हे नाव मला फार आवडतं. आपली न्हाणी घरांतून गेली, तिथे बाथरूम आलं, पण जमिनीतल्या त्या भोकापाशी ती अजून टिकून आहे. इंग्रजी कॅटलॉगांतसुद्धा.

प्रश्न खर्चाचा होता. बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीने काढायची, संडास-बाथरूमची ज्याची त्याने, असं उपविधी सांगतात. सेक्रेटरींना पुरावा हवा होता. प्लंबर म्हणाला, ट्रॅपमध्ये चिंध्यांचा बोळा कोंबू, तीन इंच पाणी भरू आणि त्यात रंग टाकू. दोन दिवसांत खाली रंग उतरला तर गळती तुमची.

धुळवडीचा गुलाबी रंग उरलेला होताच. "पक्का आहे हं," बायको म्हणाली. लेकीचा डावा कान साक्षीला होता.

बाथरूमचं गुलाबी तळं झालं. आईने त्याला तलावपाळी नाव ठेवलं. आता आंघोळी कुठे करायच्या? काकूंकडे. दोन दिवस आम्ही चौघं खांद्यावर टॉवेल टाकून एकामागून एक जिना उतरलो. त्या आफ्रिकेखाली बसून अंगावर तांब्या घेताना नजर सारखी वर जायची. बाहेरून काकू विचारायच्या, "आला का हो रंग?" मी साबणाच्या फेसातून म्हणायचो, "अजून नाही." कोर्टातल्या आरोपीला निदान कपडे घालून उभं राहता येतं.

अठ्ठेचाळीस तास झाले तरी आफ्रिका करडीच. प्लंबर डक्टमध्ये उतरला आणि सामाईक पाइपाचा जॉइंट सुटलेला आहे असं आतूनच ओरडला. तो आवाज सेक्रेटरींच्या घरापर्यंत गेला याचं मला समाधान आहे. राहिलेला उपविधी मी त्यांना स्वतः वाचून दाखवला, जरा सावकाशच. घरी येऊन बोळा काढला आणि तळं गडगडत वाहून गेलं.

सगळं गेलं असं मला वाटलं. पण अशा बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरून वर लादी बसवतात. लादीच्या फटी झिजल्या की पाणी आत उतरतं, कोब्यात मुरतं आणि मग सवडीने, सोयीच्या वाटेने बाहेर पडतं. खालीच जायला हवं अशी काही त्याला सक्ती नसते.

पाडव्याला सकाळी गोखले रोडकडून ढोल ऐकू येत होते. कोपिनेश्वराहून निघालेली स्वागतयात्रा बघायला जायची म्हणून मी गडबडीने गुढी बांधत होतो. आई हॉलमधून म्हणाली, "अरे, सायीत कुंकू कोणी सांडलं?"

बाथरूमच्या पाठची हॉलची भिंत. तीच, एकच. दोन हात रंगाखालून ताटाएवढं गुलाबी वर आलं होतं.

बेल वाजली. या वेळी काकूंच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली, चष्मा सारखा केला आणि भिंतीजवळ जाऊन मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"महाराष्ट्र आहे," त्या म्हणाल्या. "पण कोकण अजून उतरायचंय."

आणि त्यांनी मोबाइल काढला.