बांधावर मोजली जाणारी माणसं

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माझा भाचा सहा वर्षांनी घरी आला. तो नेदरलँडमध्ये, युट्रेक्टला असतो. नोकरी सॉफ्टवेअरची. माझ्या माहेरच्या मूळ घरात चवथीला अजून चाळीस-पन्नास पानं वाढली जातात. मुंबईचे, पुण्याचे, वास्कोचे सगळे येतात. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीला, सुपारीचे घड, नारळाची पेंड, चिबूड बांधताना चार पिढ्यांचे हात एकाच वेळी वर असतात. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून सोप्यावर बसलो होतो, तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला म्हणाला, "तिकडे काय रे, जो तो आपापल्यापुरता. आईबापाला भेटायचं तरी फोन करून वेळ ठरवायची. माणसं धरून राहणं अजून आहे ते इथेच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

भाच्याने मोबाईलवर एक कागद उघडून दाखवला. "काका, हे बिल बघा. मी तिथे भाड्याच्या घरात राहतो, तरी दरवर्षी मला हा कर येतो. बांधाचा आणि पाण्याचा. २०२३ च्या मार्चमध्ये त्या पाणीमंडळाची निवडणूक झाली, त्यात मी मतही दिलं. पासपोर्ट भारताचा असूनही." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आपला बांध बांधून झाला का?"

कोणी बोललं नाही. आमच्या बांधाला यंदा आषाढी अमावास्येच्या उधाणाला खांड, म्हणजे भगदाड, पडली. सात-आठ मीटरची. दहा दिवसांपूर्वी लावलेलं रोप जुवारी नदीच्या खाऱ्या पाण्याखाली गेलं. चवथ आली तरी खांड तशीच होती. सोप्यावरच्या आम्हा पंचवीस जणांपैकी एकालाही ती बुजवण्याची तारीख सांगता येत नव्हती.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

गोव्याबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी आधी खाजन म्हणजे काय ते सांगते. भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली, नदीपासून बांध घालून मिळवलेली शेतजमीन म्हणजे खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर मानली जाते. बांध चिखलाचा, आत पेंढा आणि फांद्या, नदीच्या अंगाला चिऱ्यांचे दगड. बांधात जागोजाग मानशी, म्हणजे लाकडी फळ्यांची दारं. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने फळ्या मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत उतरतं. लहानपणी आम्ही मानशीवर बसून फळ्या मिटण्याची वाट बघायचो. आधी पाणी थबकतं, फळी किंचित थरथरते आणि मग दप्प असा जड आवाज होतो. त्या आवाजानंतर सहा तास गावाचं भात सुरक्षित.

या व्यवस्थेत एकट्याने करण्यासारखं काहीच नाही. बांध माझ्या शेताजवळ फुटला तरी पाणी तुमच्या शेतात शिरतं. म्हणून गांवकारी, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, उभी राहिली. जमीन गावाची, कसायला वाटून द्यायची, बांधाचा खर्च आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्या उत्पन्नातून गांवकारांना झोण, म्हणजे डोईमागे वाटा. पोर्तुगीज आले तेव्हा हे सगळं चालूच होतं. त्यांनी १५२६ साली या रीतिरिवाजांची सनद करून ठेवली आणि पुढे त्याच संस्थेला कोमुनिदाद म्हटलं. समूहाने जगण्याचा याहून जुना आणि पक्का पुरावा आपल्याकडे दुसरा कुठला दाखवणार?

आता भाच्याच्या देशाकडे बघा. नेदरलँडची सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीखाली आहे. तिथली पाणीमंडळं, त्यांच्या भाषेत वॉटरस्खाप, तेराव्या शतकापासूनची. आज ती २१ आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. पूर्वी तिथे दंडक होता की ज्याच्या वाट्याचा बांध त्याने राखायचा. जमत नसेल त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून चालतं व्हायचं. ते फावडं जो उपसेल त्याची जमीन आणि त्याचाच बांध. केवढा कठोर नियम! पण त्यात कोणी कोणावर किती माया करतो हा प्रश्नच येत नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचं पाणी बांध फोडून आत आलं, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने समुद्राच्या तोंडाशी जी धरणं आणि दारं उभी केली ती आजही पाहायला जगभरातून अभियंते जातात.

गंमत म्हणजे, देशादेशांची 'व्यक्तिवादी की समूहवादी' अशी मोजदाद करून जगभर गाजलेला माणूस डचच होता. खेर्ट हॉफस्टेड. त्याने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यातून निघालेल्या आकड्यांत अमेरिका व्यक्तिवादात ९१, नेदरलँड ८०, भारत ४८. आणि ज्यांनी आपल्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं ते पोर्तुगाल २७. म्हणजे या मोजपट्टीवर पोर्तुगीज आपल्याहून जास्त समूहवादी! 'पाश्चात्य म्हणजे एकलकोंडे' असं म्हणताना आपण लिस्बन, लंडन आणि न्यूयॉर्क एकाच टोपलीत टाकतो. गोव्यातल्या माणसाने तरी असं करू नये. आपला वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. त्यात बापाला मनात आलं म्हणून सगळी मालमत्ता परक्याच्या नावे करता येत नाही. अर्धा हिस्सा मुलांचा, मुलींचाही, राखीवच. इंग्रजी परंपरेत माणूस मृत्युपत्राने हवं त्याला देऊ शकतो. दोन्ही युरोपच, पण एकाने माणूस पाहिला आणि दुसऱ्याने कुटुंब.

मला त्या मोजदादीचं मोल वाटतं, पण ती पगारदार माणसांना, पगारदारांचे प्रश्न विचारून केलेली होती. खाजनात कमरेएवढ्या चिखलात उभी असलेली बाई त्यात कुठेच नाही.

चीनमध्ये केलेलं, २०१४ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मला जास्त जवळचं वाटतं. थॉमस टॅलहेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भात पिकवणाऱ्या आणि गहू पिकवणाऱ्या भागांतल्या हजारावर विद्यार्थ्यांना तपासलं. भाताच्या भागातली मुलं नात्यांच्या, परस्परसंबंधांच्या अंगाने विचार करणारी निघाली, गव्हाच्या भागातली सुटं सुटं पाहणारी. त्यांचं म्हणणं असं, की भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला एकमेकांचे हात लागतात, आणि ही सवय पिढ्यान्पिढ्या मनात मुरते. आमच्या गावात कोणाही म्हाताऱ्या बाईने हे मान हलवून मान्य केलं असतं. पण मग डचांचं काय? त्यांनी तर भात कधी लावलं नाही. मला वाटतं, समूह पिकातून जितका घडतो तितकाच बांधातून घडतो. समोर पाणी उभं असलं की माणसाला शेजाऱ्याशी हिशेब ठेवावाच लागतो.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपण एकत्रपणाला फार लवकर मायेच्या भाषेत नेतो. चवथीला जमणं, बाराव्याला जमणं, लग्नात राबणं. ते खरं आहे आणि ते मला हवं आहे. माझी आई शेवटचे चार महिने अंथरुणाला होती तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी न सांगता पाळ्या लावून घेतल्या होत्या. सकाळची पेज एकीची, दुपारी पाठ पुसणं दुसरीचं. मला शाळेतून रजा मिळत नव्हती, त्या होत्या म्हणून मी नोकरी टिकवली. त्याच वर्षी भाचा तिकडे तापाने आठवडाभर एकटा पडला होता आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. हे त्यानेच मला सांगितलं, रात्री, सगळे झोपल्यावर. म्हणाला, "आते, तिथे कोणी माझ्या मध्ये येत नाही, आणि कोणी माझ्याकडेही येत नाही." त्याचे डोळे भरले होते. त्याच्या त्या देशाची आरती ओवाळायला मी बसलेली नाही.

पण पाळ्या लावणाऱ्या त्याच वाड्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. मी गांवकाराची मुलगी. आमच्या कोमुनिदादीत माझ्या भावांची नावं आहेत, त्यांना झोण मिळतो. हल्ली तो हातात घ्यावा इतकाही नसतो, पण नाव आहे. माझं नाही. मी याच गावात जन्मले, याच गावात दिली गेले, तीस वर्षं याच गावच्या मुलांना शिकवलं. बांधाच्या प्रश्नावर बोलायला उठले की मला सांगतात, "बाय, तू बस." आणि माझं तरी निदान घर गांवकारांचं. बांधावर चिखलाच्या पाट्या ज्यांनी वाहिल्या त्यांच्यातल्या बहुतेकांना त्या हिशेबात कधी स्थानच नव्हतं. चिखल टाकणारे हात वेगळे, झोण घेणारे हात वेगळे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत झोपडी असलेल्या मुंडकाराने त्याच्या मर्जीविरुद्ध जायचं म्हटलं तर राहायचं कुठे? कायद्याने संरक्षण दिलं तेव्हा कुठे त्याला मान वर करता आली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता आणि खेड्याच्या संकुचितपणावर फार कडक शब्द वापरले होते. कॉलेजात असताना मला ते शब्द बोचले होते. माझं गाव डोळ्यांसमोर यायचं, सप्ताहाची रात्र, मांडावरचे धालो. आज वाटतं, जे मोजलेच गेले नव्हते त्यांच्या बाजूने ते बोलत होते. व्यक्ती मोजणं म्हणजे समूह मोडणं नव्हे. भाच्याच्या पाणीमंडळातही एके काळी जमीनमालकांचंच चालायचं. नंतर त्यांनी दार उघडलं, इतकं की गोव्याहून गेलेल्या, भाड्याने राहणाऱ्या मुलाला त्या बांधाबद्दल मत आहे. आणि त्याच्या आत्याला आपल्या जन्मगावच्या बांधाबद्दल नाही. सोप्यावर मला जे लागलं ते हे.

आमची खांड का बुजली नाही हेही सांगते, कारण 'हल्ली लोक स्वार्थी झाले' हे उत्तर मला पटत नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्याय्यच झालं. बांधाचं काम कुळांच्या संघाकडे आलं. पण पुढे शेतं वाटण्यांत लहान होत गेली, मुलं नोकऱ्यांना लागली, लावणी परवडेना. उत्पन्न उरलं ते मानशीतल्या मासळीचं. मानशीची पावणी होते, जास्त बोली लावणारा ती घेतो. त्याला सुंगटं आणि शेवटे हवेत, म्हणून फळ्या मिटायच्या वेळी तो त्या दोरीने वर बांधून ठेवतो. खारं पाणी आत राहतं, बांध आतून भिजून पोकळ होतो. पावणीचा पैसा बांधाला किती लागला हे बैठकीत विचारायला फार तर दहा माणसं येतात. बैठकीला यायचा अधिकार ज्यांच्या नावावर कूळ आहे त्यांना, आणि ती नावं बहुतेक पुरुषांची, काही तर वारलेल्यांची. रोप लावणाऱ्या बायका बाहेर. खांड पडली त्या पहाटे पहिली धावलेली बाई ना गांवकारीत आहे, ना संघात. ती आपल्या नवऱ्याला उठवून, घरातली रिकामी सिमेंटची पोती घेऊन गेली होती. पोत्यांत माती भरायला आणखी वीस माणसं आली असती तर खांड मीटरभराचीच राहिली असती, असं ती मला म्हणाली. तिच्या हातावरचे वळ मी पाहिले आहेत.

दादाला मी हे सगळं चवथीच्या पाचव्या दिवशी, विसर्जनानंतर सांगितलं. तो चिडला नाही. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आबांच्या वेळी पावणीचा हिशेब देवळात मोठ्याने वाचायचे. मी लहान होतो, पण आठवतं." मी म्हटलं, "दादा, तेव्हा बायका कुठे उभ्या असायच्या?" तो म्हणाला, "बाहेर. खांबाकडे."

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कुळांच्या संघाची बैठक आहे. दादाने सचिवांकडे लेखी अर्ज दिला आहे, की पावणीचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब वाचावा आणि खाजनात प्रत्यक्ष लावणी करणाऱ्या बायकांना बैठकीत बसू द्यावं. खाली त्याची सही आहे, त्याखाली माझी, आणि त्याखाली अकरा बायकांच्या. त्यातल्या चार अंगठ्याच्या. भाचा गेल्या सोमवारी परत गेला. जाण्याआधी सुकतीच्या वेळी तो आणि ती पोती नेणारी बाई मिळून मानशीच्या फळ्या मोजून आले. दोन कुजल्या आहेत, एक नाहीच.