वरूडात राहून खोक्यातलं संत्रं

आमची मावशी वरूडची, म्हणजे अमरावतीकडच्या संत्र्यांच्या गावची. अंगणात आंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट रचलेले, आणि परवा तिच्या फ्रिजमध्ये काय, तर संत्र्याच्या ज्यूसचा लिटरचा खोका. शुगर आहे तिला, गोळ्या चालू आहेत. विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. फॅमिली ग्रुपवर आलेलं: संत्रं सोललं की पंधरा मिनिटांत व्हिटॅमिन सी उडतं, फळांवर औषध मारलेलं असतं, पॅकबंद ज्यूस मात्र १०० टक्के रस, वरून साखर नाही, म्हणून शुगरवाल्यांनी तोच प्यावा.

शेवटचं वाक्य आधी घेतो, बाकीच्यांनी फार तर पैसे जातात.

शुगर एकदम उतरून हातपाय थरथरायला लागले की डॉक्टर काय द्यायला सांगतात? साखरपाणी, नाहीतर फळाचा रस. कारण त्याने शुगर झपाट्याने चढते. आणि हाच रस रोज सकाळी पेला भरून? खोक्यामागे बारीक अक्षरांत होतं: १०० मिलीत १० ग्रॅम साखर. मावशीचा स्टीलचा पेला २०० मिलीचा, म्हणजे चार चमचे. वरून घातली नसेल, रसातली आहेच ना! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली रसातली, कॉन्सन्ट्रेटमधली (म्हणजे आटवलेल्या रसातली) साखर चहातल्या साखरेच्याच खात्यात टाकली, आणि हे सगळं मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर बरं, असं सांगितलं. (घरी काढलेला रसही त्याच खात्यात. ज्यूसरवाल्यांनी हसू नये.)

फळात साखर नसते असं नाही. १०० ग्रॅम संत्र्यात नऊएक ग्रॅम असते, पण सोबत दोन-अडीच ग्रॅम चोथाही असतो, आणि फोडी चावता चावता माणूस दुसऱ्या संत्र्यावर थांबतो. खोक्यावर तंतुमय पदार्थांपुढे शून्य होतं.

'१०० टक्के रस' म्हणाल, तर कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून केलेल्या रसांच्या वेष्टनांवरून हा दावा काढा, असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्येच कंपन्यांना बजावलं. आणि नुसतं 'फ्रूट ड्रिंक' असेल तर नियमाने १० टक्के रस पुरतो, लिंबाच्या पेयात ५.

व्हिटॅमिन सी हवेने, उष्णतेने कमी होतं, एवढं खरं. पण पंधरा मिनिटांत उडायला ते काय पेट्रोल आहे? शिवाय पॅक करायच्या आधी रस तापवतातच. बरं, काही खोक्यांवर सीचा आकडा संत्र्याहून मोठा असतो, कारण ॲस्कॉर्बिक ॲसिड वरून घालतात. ते कामही करतं, मान्य. पण बाईमाणसाची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम, ती दोन संत्र्यांत भागते.

फवारणी? खोक्यातली संत्री काय आभाळातून पडली? धुवा आणि सोला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण बापा, एकशे वीसचा हाये तो. फेकून देऊ काय?"