वेंडर फोल्डरची बदली

काल सकाळी साहेबांचा मेल आला, अख्ख्या मजल्याला. विषय: 'शेअर्ड मेलबॉक्स हाताळताना घ्यावयाची दक्षता'. आत म्हटलं होतं की काही सहकारी पुरेसे प्रशिक्षण न घेता फोल्डर हलवत असल्याचे निदर्शनास आले आहे. काही सहकारी म्हणजे मी एकटी. अनेकवचन बहुधा आदरार्थी असावं. आणि फोल्डर हलवा असं सांगणारेही साहेबच. फक्त ते त्यांनी चहाच्या मशीनपाशी, कप भरता भरता सांगितलं होतं. "अहो मॅडम, शेअर्डमध्ये जागा नाही म्हणतात. तेवढं वेंडरचं फोल्डर तुमच्यात ओढून घ्या ना." तोंडी हुकूम मेलबॉक्समध्ये जागा खात नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

आमचा कारखाना भोसरीला आणि मी खरेदी विभागात. विभागाच्या शेअर्ड मेलबॉक्समध्ये कोटेशनं, बिलं, 'सर, प्लीज रिलीज पेमेंट' अशा विनवण्या, सगळं येऊन पडतं. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये असल्या मेलबॉक्सला वेगळं लायसन्स लागत नाही, पण मग 50 जीबीची मर्यादा असते. ती गाठली की आधी पाठवणं बंद, मग येणंही बंद. पैसे मोजून योग्य ते लायसन्स घेतलं तर 100 जीबी मिळतात. त्यापेक्षा मॅडमना ओढायला लावणं स्वस्त. माझा मेलबॉक्स मोकळा होता, कारण मी नको असलेले मेल डिलीट करते. आमच्या ऑफिसात नीटनेटकेपणाची शिक्षा ही अशी मिळते.

तर ओढलं. स्क्रीनवर खिडकी उघडली, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकायला लागली, आणि त्याच वेळी स्टोअरचे काका रजेच्या अर्जाची प्रिंट घ्यायला आले. प्रिंटर माझ्या खुर्चीमागे आहे. प्रिंट निघाली, काका निघाले नाहीत.

"काय चाललंय?"

"फोल्डर हलवतेय, काका."

"कुठनं कुठे?"

"शेअर्डमधून माझ्यात."

"तुझ्यात का? तू कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी शेजारची खुर्ची ओढली, खिशातून खाऱ्या दाण्यांची पुडी काढली आणि पट्टीकडे तोंड करून बसले. एक दाणा मलाही दिला. एकच.

"हे उचलून पलीकडे ठेवतंय होय?"

मी कामाला लागलेली नव्हतेच, पट्टी लागली होती, म्हणून समजावून सांगितलं. एकाच मेलबॉक्सच्या आत फोल्डर हलवलं तर मेल जागचे हलत नाहीत, फोल्डर कोणाच्या खाली आहे एवढीच नोंद बदलते, म्हणून ते पटकन होतं. पण शेअर्ड आणि माझा हे दोन वेगळे मेलबॉक्स. इथे एकेका मेलची तिकडे कॉपी होते आणि मग इकडचा काढून टाकला जातो.

काकांनी दाणा चावता चावता विचार केला. "म्हणजे हलवत नाहीच. झेरॉक्स काढतंय आणि मूळ फाडतंय."

"हो, तसंच."

"आणि मधेच लाईट गेली तर?"

"काका, शुभ बोला."

"अगं, मी अनुभवाचं बोलतोय. शनिवार पेठेतला वाडा सोडून धायरीला गेलो ना, तेव्हा टेम्पोवाला म्हणाला दोन खेपा करतो. एक केली. दुसरीला आलाच नाही. सिलेंडर धायरीला, शेगडी शनिवारात! बरं, जेवणाचं काय, बहिणीकडे जेवलो. पण देव कुठल्या खेपेत गेले तेच कळेना. तुझी काकू म्हणाली, तो बांधलेला गठ्ठा आहे ना लाल फडक्यातला, तेच देव. मांडला कोपऱ्यात. रोज हळदकुंकू, दिवा, उदबत्ती. फडकं सोडायचं नाही, चांगला मुहूर्त बघून सोडू म्हणाली. सोडलं तर आत रद्दी."

"मग देव?"

"देव वाड्यात, शेगडीपाशी. रद्दीनं आमचं काही वाईट केलं नाही हो, पण मनाला लागतंच ना ते."

मी हसत होते. तेवढ्यात पट्टी थांबली आणि खिडकी आली. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मोठ्याने भाषांतर केलं: आयटम हलवता आला नाही. तो आधीच हलवला गेला असेल, किंवा डिलीट झाला असेल, किंवा परवानगी नसेल.

"म्हणजे यालाही माहीत नाही!" काका इतके खूश झाले की दाणे सांडले. "मी ऑडिटला असं लिहून दिलं असतं तर? बेअरिंग सापडत नाही. कोणी नेलं असेल, मोडलं असेल, किंवा मला हात लावायची परवानगी नसेल. मेमो मिळाला असता मेमो!" मग त्यांनी हे वाक्य अकाउंट्समध्ये जाऊन सांगितलं, मग डिस्पॅचला. त्यामुळे माझं फोल्डर अडकलंय ही बातमी मी आयटीकडे तिकीट, म्हणजे तक्रार, टाकायच्या आधीच सगळीकडे पोचली होती.

परिस्थिती अशी होती. 2019 आणि 2020 ची उपफोल्डरं माझ्याकडे आली होती, शेअर्डमधून गेली होती. 2021 दोन्हीकडे होतं. 2022 कुठेच नव्हतं. माझ्या रांगेत बसणाऱ्या एकीला मात्र तिच्या आउटलुकमध्ये, म्हणजे मेलच्या प्रोग्राममध्ये, सगळंच जागच्या जागी दिसत होतं, पलीकडच्याला काहीच नाही, आणि दोघंही आपापल्या स्क्रीनवर बोट ठेवून शपथेवर सांगत होते. दोघंही खरं बोलत होते. प्रत्येकाच्या संगणकावर शेअर्ड फोल्डरांची आपली एक प्रत साठवलेली असते आणि ती आपल्या सवडीने जुळवून घेते. साहेबांनी पाहिलं नेमकं त्या सवडीच्या आधी. काल सकाळच्या मेलचा जन्म तिथला.

2022 सापडलं 'दिवाळी गिफ्ट' या फोल्डरच्या पोटात. कोणाच्या तरी माउसवरून ते कधीकाळी घसरलं होतं आणि आउटलुकने ते निमूटपणे आत घेतलं. कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून सविस्तर शोध घेतला, मेल कुठल्या फोल्डरात आहे तो रकाना पाहिला, तेव्हा कळलं. म्हणजे त्याचा आणि माझा काही संबंध नव्हता. हे मी साहेबांना मेल करून कळवलं. त्या मेलला उत्तर आलेलं नाही.

मग आयटीचा मुलगा आला. आधी "मॅडम, रिस्टार्ट केलं का?" हे झालं. मग त्याने परवानग्या उघडल्या आणि म्हणाला, "तुम्हाला 2021 वर रिव्ह्यूअर आहे." रिव्ह्यूअर म्हणजे वाचा, पण हात लावू नका. वरच्या फोल्डरवर दिलेली परवानगी आतल्या जुन्या उपफोल्डरांना आपोआप लागत नाही, प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते. ते फोल्डर नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याने बनवलं होतं. त्यामुळे झेरॉक्स निघाली, मूळ फाडता आलं नाही.

"असं काही करायचं असेल तर आधी फोल्डर कॉपी करायचं, मॅडम. दोन्हीकडचे मेलचे आकडे जुळवायचे. मगच इकडचं डिलीट करायचं. फार मोठं असेल तर पीएसटी फाईल, म्हणजे सगळे मेल एकत्र साठवणारी आउटलुकची फाईल, काढून घ्यायची."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही तिकीट कुठे टाकलं होतं?"

मुलगा चांगला आहे, घरी गेल्यावर आईला मदत करत असेल. पण त्या क्षणी मला त्याच्या आईची दया आली.

त्यात आणखी एक. शेअर्डमधला मेल मी डिलीट केला की तो शेअर्डच्या नव्हे, माझ्याच डिलीटेड आयटम्समध्ये येऊन पडतो. आउटलुकची ती नेहमीची रीत आहे, बदलायची तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन आकडा बदलावा लागतो. म्हणजे विभागाचा पसारा मी आवरला तर तो माझ्याच नावावर चढतो. यात आउटलुकचं काही चुकत नाही, त्याला जसं बांधलं तसं ते वागतं. पण सगळ्या विभागाच्या वस्तूला हात लावणारी बाईमाणूस एकच कशी असते, याचं तांत्रिक कारण मला अजून कोणी दिलेलं नाही. वाढदिवसाच्या वर्गणीची यादी, चहाचा हिशेब, मायक्रोवेव्हचं झाकण आणि आता हे.

आणि मुळात पुरवठादारांचे इतक्या वर्षांचे करार माझ्या वैयक्तिक मेलबॉक्समध्ये असावेतच कशाला? माणसाने नोकरी सोडली, लायसन्स काढून घेतलं की 30 दिवसांनी मेलबॉक्स कायमचा जातो. माणूस गेला तरी मेल राहावेत म्हणूनच तर शेअर्ड असतो ना? हे साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पण तुम्ही कुठे जाताय, मॅडम?" यंदाची पगारवाढ पाहता हा प्रश्न त्यांनी इतक्या निर्धास्तपणे विचारायला नको होता.

तर आज दुपारी शेवटचा प्रश्न उरला, शेअर्डमधलं 2021 काढायचं कोणी?

"मला परवानगी नाही," मी म्हटलं.

"मी डेटाला हात लावत नाही, पॉलिसी आहे," आयटीचा मुलगा म्हणाला. "साहेबांना आहे, फुल ॲक्सेस."

साहेबांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला कुठे येतं ते? तुम्ही माझ्या लॉगिनने करून टाका ना."

"मेल करून सांगा, सर."

"एवढ्याशासाठी मेल?"

यावर कोणीच काही बोललं नाही. तेवढ्यात मागे प्रिंटरपाशी पुडीचा कागद वाजला. "सरका जरा," काका म्हणाले आणि माउसकडे हात नेला, "मी फाडतो."

आयटीचा मुलगा इतक्या चपळाईने टेबलावरून झेपावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.