त्याचं झालं की आपलं हाय

काल रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. आवाज बसलेला. "मावशी, विषय बदलला."

तीन आठवडे ही पोरगी वादविवाद स्पर्धेची तयारी करत होती. आमच्या परभणीतल्याच एका कॉलेजात, फिरता चषक, हिंगोली-नांदेडहून संघ येणार. विषय होता 'वादग्रस्त परदेशी नेत्यांना विद्यापीठात बोलू द्यावे का?' ही अनुकूल बाजूनं. आणि आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या. अपरिहार्य कारणामुळे विषय बदलण्यात येत आहे, नवा विषय 'मोबाईल : शाप की वरदान'.

कुणीतरी कुणाला तरी फोन केला म्हणे. "असले विषय पोरांना कशाला देता?" म्हणून. अरे, कुठला परदेशी नेता परभणीच्या स्टेशनवर उतरणार होता का? अठरा-वीस वर्षांची लेकरं आपसात वाद घालणार होती, तेवढंही चालेना? मी काल रात्रभर चिडलेली आहे आणि आत्ता लिहितानाही चिडलेलीच आहे.

मला आबा आठवले. मी सातवीत होते. पंचायत समितीची निवडणूक होती आणि एक पुढारी आमच्या गावात सभेला येणार होता. सगळं गाव त्याच्यावर खवळलेलं. रोजगार हमीच्या पाझर तलावावर बायामाणसांनी उन्हातान्हात माती वाहिली होती, आणि मजुरीचे पैसे त्यानं आणि त्याच्या माणसांनी मधल्यामध्ये खाल्ले होते. पोरांनी ठरवलं, पारावर चढला की भोंग्याची वायर कापायची. एकाच्या हातात पक्कड होती, मी डोळ्यांनी पाहिली. आबांनी ती काढून घेतली. म्हणाले, "बोलू द्या रे त्याला. त्याचं झालं की आपलं हाय."

तर माझ्या भाचीनं तयारी काय केली होती ते ऐका. 24 सप्टेंबर 2007. इराणचे तेव्हाचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला गेले होते आणि कोलंबिया विद्यापीठानं त्यांना बोलायला बोलावलं. बाबासाहेब जिथं शिकले तेच कोलंबिया. बाहेर निदर्शनं, वर्तमानपत्रांत शिव्याशाप, राजकारणी लालबुंद. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी ओळख करून देतानाच त्यांना तोंडावर क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहा म्हटलं. (हे मला अजिबात पटलेलं नाही. आपण बोलावलेल्या माणसाला उंबऱ्यातच असं बोलायचं नसतं. प्रश्न विचारा की, हवे तेवढे कडक विचारा.) मग प्रश्न आले. ज्यूंच्या संहाराबद्दल विचारलं तर हा गृहस्थ म्हणतो, आणखी संशोधन व्हायला हवं. समलिंगी लोकांना इराणमध्ये काय शिक्षा होतात असं विचारलं तर म्हणाला, तुमच्या देशासारखे समलैंगिक आमच्या देशात नाहीतच. सगळं सभागृह हसलं. एका देशाचा अध्यक्ष, आणि विद्यार्थी त्याच्या तोंडावर हसले! त्याला दारातूनच परत पाठवला असता तर तो घरी जाऊन म्हणाला असता, बघा, मला घाबरले.

भाचीनं आणखी एक गोष्ट शोधून काढली होती, मला माहीत नव्हती. त्याच्या नऊ-दहा महिने आधी, डिसेंबर 2006 मध्ये, तेहरानच्या अमीरकबीर विद्यापीठात याच अहमदीनेजादचं भाषण चालू असताना तिथल्या पोरांनी त्याचेच फोटो जाळले होते, हुकूमशहा मुर्दाबादच्या घोषणा दिल्या होत्या. इराणमध्ये! जिथं असं केल्यावर घरी परत जाऊ की नाही याचा भरवसा नसतो. आणि आमच्याकडे कसलीही भीती नसताना आम्ही मोबाईलवर बोलणार.

आबांचं सांगते पुढं. पुढारी चांगला पाऊण तास बोलला. विकास, पाणी, रस्ता. गाव गप्प. आबा पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेले. त्याचं झालं, तसे ते उठले. माईक मागितला नाही, नुसते उभे राहून म्हणाले, "एकच इचारायचंय. पाझर तलावाच्या हजेरीपटावर माझ्या चुलत्याचं नाव कसं? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

तो माणूस पाण्याचा गिलास शोधायला लागला. पारावर बसलेली म्हातारी माणसं खाली बघत होती. बायका मात्र सरळ त्याच्याकडे बघत होत्या, कारण माती त्यांनी वाहिली होती. ती शांतता मला आजही ऐकू येते. भोंग्याची वायर कापली असती तर हा प्रश्न कधी विचारलाच गेला नसता, आणि वर तोच माणूस 'माझ्या सभेवर हल्ला झाला' म्हणत तालुकाभर फिरला असता.

हो, तो निवडून आला. खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर आमच्या गावात हजेरी मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणी अंगठा दिला नाही.

आता कुणीतरी म्हणणार, राज्यघटनेच्या कलम 19 नं भाषणाचा हक्क नागरिकांना दिलाय, परदेशी माणसाला नाही. बरोबर आहे. पण ऐकणारी मी तर नागरिक आहे ना? माझ्या कानांचं काय? 1972 साली अमेरिकेत प्राध्यापकांचा हाच मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. अर्नेस्ट मँडेल नावाच्या बेल्जियमच्या मार्क्सवादी अर्थतज्ज्ञाला सरकारनं येऊ दिलं नाही, तेव्हा ते म्हणाले, त्याचा हक्क राहू द्या बाजूला, त्याला ऐकायचा हक्क आमचा आहे. हरले ते. सरकार जिंकलं. हरले म्हणून मुद्दा चुकला असं मी मानत नाही.

आणि जो उघड उघड 'यांना मारा, त्यांना जाळा' म्हणायला येतो त्याला नका बोलावू, तिथं माझं काही म्हणणं नाही.

पण आपल्याकडे तेवढ्यावर थांबतं का? 2015 च्या ऑक्टोबरात पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री कसुरी मुंबईत पुस्तकाच्या प्रकाशनाला आले, तर बोलावणाऱ्या सुधींद्र कुलकर्णींच्या तोंडाला काळं फासलं. त्या माणसानं ते पुसलं नाही, तसाच पत्रकारांपुढं जाऊन बसला, आणि संध्याकाळी कार्यक्रम झाला. कुलकर्णींची सगळी मतं मला पटतात असं नाही. पण तो काळा चेहरा पाहून त्या दिवशी मला लाज वाटली होती, आपली सगळ्यांची.

आणि आम्ही मराठवाड्याची माणसं! दर 17 सप्टेंबरला झेंडा लावतो, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतो. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागायची. गश्ती त्रेपन्न म्हणायचे त्या फर्मानाला. आबांचे वडील सांगायचे, सभेत कोण बोललं, काय बोलला, कोण ऐकायला होतं, सगळं वर कळवलं जायचं. त्यातून सुटायला लोकांनी तुरुंग भोगले. आणि आज एका फोनवर विषय बदलतो, फर्मानसुद्धा लागत नाही.

ज्या सरांनी तो मेसेज टाकला त्यांच्यावर रागच होता माझा. दुपारी त्यांना फोन केला, चार शब्द सुनवायचे म्हणूनच. ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताई, मी तासिका तत्त्वावर आहे. दर वर्षी नव्यानं ऑर्डर निघते." पुढं मला काही बोलवेना. दोन लेकरं आहेत त्यांना. विषय त्यांनीच काढला होता, आणि भाचीला मँडेलचं सांगणारेही तेच. त्यांच्याबद्दल कृपा करून कुणी वाईट लिहू नका.

भाची आज मोबाईलवर बोलून आली. नंबर आला नाही. चेहरा एवढासा झाला होता. मी म्हटलं, तुझं खरं भाषण आहे ना पाठ? आहे म्हणाली.

तर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या ओसरीवर ती ते भाषण करणार आहे. ज्या पोरीनं प्रतिकूल बाजूची तयारी केली होती तिलाही बोलावलंय, ती येते म्हणाली. आई पुढं खुर्ची टाकून बसणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना हे सगळं साफ चुकीचं वाटतं त्यांनी तर नक्की या. चहा मी करते. फक्त आधी तिचं पूर्ण ऐकून घ्या. तिचं झालं की तुमचं हाय.