काकांच्या नावाने फिरणारा मेसेज खोटा आहे

काका गेले त्याला पंधरा दिवस झाले नाहीत आणि गावच्या ग्रुपवर सुरू झालं की ‘न्यायमूर्ती’ काकांनी पाव चोरणाऱ्या म्हातारीला १० रुपये दंड केला, तो स्वतःच भरला नि कोर्टातल्या प्रत्येकाकडून ५० पैसे घेतले. अहो ही गोष्ट न्यूयॉर्कचे मेयर ला गार्डिया यांच्या नावाने सांगतात, १९३५ सालची, डॉलरचे रुपये तेवढे केलेत.

आणि न्यायमूर्ती हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात असतात, काका जिल्हा न्यायाधीश, ६० ला रिटायर होऊन रत्नागिरीला घरी आले.

खरे काका म्हणजे सकाळी मांडवीला फेरी, येताना बांगड्याचे कल्ले उचलून ताजा आहे का बघणार, पण भाव काकूनेच करायचा, यांना आयुष्यात घासाघीस जमली नाही! मे महिन्यात नातवंडांना पडवीत बसवून हापूस कापायचे, कोणी रडलं की ‘अपील मंजूर’ म्हणून आपली फोड द्यायचे.

तेव्हा प्लीज तो मेसेज डिलीट करा. फोटोपण त्यांचा नाहीये, काकांना मिशा नव्हत्या.