‘भंगारातून मोठ्यात मोठं इंजिन उचला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘पन्नास हजारांत ड्रॅगची गाडी’ (ड्रॅग म्हणजे सरळ पट्ट्यावरची पाव मैलाची शर्यत) असं त्याचं डोकं आणि खाली सहा फर्मानं. जेवढे सीसी जास्त तेवढी गाडी पुढे, म्हणून भंगारातून मोठ्यात मोठं इंजिन उचला. टर्बो डिझेल मिळालं तर सोन्याहून पिवळं, टॉर्क (फिरवायचा जोर) दुप्पट. सेल्फला उठलं आणि धूर नसला की इंजिन ओके. कमी किलोमीटर चाललेलंच घ्या. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून कॉम्प्रेशन वाढवा, फुकटात पॉवर. आणि गाडी रोडवर चालवायचीच नाही तर कागद कशाला हवेत? शेवटी ‘गरजू भावांना पाठवा’ हे आलंच.

माझं उठणं-बसणं एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे आहे. असं उचललेलं इंजिन शेवटी त्याच्याच टेबलावर येतं, आणि सोबत तोंड पाडलेला एक पोरगाही येतो. म्हणून हे लिहितोय.

आधी सीसी. खान्देशात बजेट म्हटलं की गाडी मारुतीच्या जुन्या मालावर येऊन थांबते, म्हणून उदाहरणही त्यातलंच. एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन १२९८ सीसीचं, कागदावर ८५ अश्वशक्ती. जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं, सुमारे ९४. सीसी बावीस टक्के वाढले, ताकद जेमतेम दहा-अकरा टक्के. याचं कारण मापांत आहे. एस्टीमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५. बलेनोचा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. म्हणजे वाढ जवळपास सगळी स्ट्रोकमध्ये गेली. ७००० आरपीएमला एस्टीमचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेसतरा मीटर धावतो, बलेनोचा २१. जुन्या, झिजलेल्या कनेक्टिंग रॉडवर एवढा ताण कोण टाकणार? वर बलेनोचा ब्लॉक उंचीला जास्त, त्यामुळे छोट्या गाडीत बॉनेटखाली बसवताना वेगळी कुस्ती.

तरी ९ अश्वशक्ती जास्त आहेच की, असं म्हणाल. बरोबर. मग हिशेबच करू. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आणि त्याच्या वेळेसाठी एक जुनं ढोबळ सूत्र आहे: चालकासकट गाडीचं वजन किलोत घ्या, अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ७.५८ ने गुणा. वजन ९०० किलो धरलं तर ८५ अश्वशक्तीला १६.६ सेकंद येतात आणि ९४ ला १६.१. अर्धा सेकंद फायदा, नाकारत नाही. आता ते मोठं इंजिन थकलेलं आहे आणि त्याची पंधरा टक्के ताकद पिस्टनच्या रिंगांतून आणि व्हॉल्व्हमधून गळतेय असं समजा. उरली ८०. वेळ १७ सेकंद! धडधाकट छोट्या इंजिनाच्या मागे साधारण बारा मीटर, म्हणजे तीन गाड्यांचं अंतर. शिवाय स्पर्धेत गट सीसीवरून पडतात. हौसेने सीसी वाढवलेत आणि वरच्या गटात गेलात, तर तिथे तुमच्याहून तगड्या गाड्या वाट बघत असतात. इंजिन शोधायच्या आधी नियमपुस्तिका वाचा.

डिझेलवाला मुद्दा मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण ट्रॅक्टर ओढतो ते बघत मोठे झालेले आपण लोक. स्विफ्ट आणि व्हिस्टामधलं फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क. एस्टीमचा ११० च्या आसपास. आकडे खरे आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा. टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागा, अश्वशक्ती मिळते. १९० गुणिले २००० भागिले ७०२४ म्हणजे ५४. हेच इंजिन ४००० ला ७५ अश्वशक्ती देतं आणि तिथे टॉर्क १३२ वर उतरलेला असतो. त्यापुढे दम संपतो, गिअर टाकावाच लागतो. पेट्रोलचं इंजिन त्याच गिअरमध्ये सहा-साडेसहा हजारांपर्यंत जातं. म्हणून त्याला गिअर बारीक ठेवता येतात आणि चाकापर्यंत पोचता पोचता टॉर्कचा तो फरक भरून निघतो. दोन्ही गाड्या ताशी ऐंशीला असताना चाकावर जोर किती, हे त्या क्षणी इंजिन किती अश्वशक्ती देतंय त्यावर ठरतं. तिथे ८५ पुढे, ७५ मागे.

रिमॅप केलं (ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, सेटिंग बदलली) की डिझेल चांगलं पळतं, हे मान्य. पण रिमॅप, टर्बोची हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, तो टॉर्क सोसणारा क्लच, सगळं जोडलं की ते बजेट पन्नास हजारांचं राहतं का? आणि पुढचं वजन वाढतं ते वेगळं. मारुती ८०० चं टायर १४५/७० आर १२. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सुटताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात. त्या चिमुकल्या टायरवर टर्बो एकदम भरला की धूर निघतो, गाडी मात्र जागेवरच. बघणारे शिट्ट्या मारतात, घड्याळ मारत नाही.

आता तिसरं फर्मान, ज्यात सगळ्यात जास्त पैसे बुडतात. ‘सेल्फला उठलं, धूर नाही, म्हणजे ओके.’

विकणारा काय करतो ते बघा. इंजिन जुन्या टायरवर ठेवलेलं, बाजूला बॅटरी, पेट्रोलची बाटली वर टांगलेली. तुम्ही यायच्या आधी त्याने ते चालवून गरम करून ठेवलेलं असतं. आत घट्ट ऑईल भरलेलं, म्हणजे बेअरिंगचा आवाज दबतो आणि धूरही थोडा वेळ अडतो. सेल्फ मारला की लगेच उठतं. शेजारचा म्हणतो, “मस्त शे भो, डोळे झाकीसन ली ले.” आणि पोरगं खरंच डोळे झाकतं.

त्यामुळे पहिलं काम, हात लावा. ब्लॉक कोमट असेल तर सरळ सांगा, थंड झाल्यावर येतो. तोवर डिपस्टिक काढा, ऑईल बोटांवर चोळा. ऑईलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा: दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर पाणी ऑईलमध्ये जातंय, हेड गास्केट किंवा हेडच गेलेलं. चारही प्लग काढून क्रमाने मांडा. तीन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरून वाफ होतेय. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण काढल्यावर फसफसून वारा आणि धूर येत असेल तर रिंगा गेल्या.

मग कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर. ते नसलेल्या माणसाने इंजिन घ्यायला जाऊच नये, इतकं माझं मत पक्कं आहे. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. एस्टीमच्या घराण्यातलं निरोगी इंजिन २०० पीएसआयच्या आसपास दाखवतं. १७० च्या खाली गेलं की काम निघालं समजा. नुसता मोठा आकडा बघून खूश होऊ नका, चारांतला फरकही बघा: १५ पीएसआयच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांत आणि बोअरमध्ये, न चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा गास्केटमध्ये. व्हॉल्व्हचं काम परवडतं. बोअरचं काम म्हणजे ब्लॉक लेथवर, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, आणि ‘स्वस्त इंजिन’ हा शब्द तिथेच संपला.

विकणारा हो म्हणत असेल तर ऑईल फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात उलगडा. तांबूस चमक दिसली की बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचं तांबं निघायला लागलेलं असतं. हे पाच मिनिटांचं काम आहे. यात कोणी का कू केली की मला जे कळायचं ते कळतं.

आपल्या भागाची एक खास भानगड आहे, ती मुंबई-पुण्याच्या मेसेजांत कधीच नसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी. कूलंटचा डबा परवडत नाही म्हणून नळी लावून टाकी भरायची. त्या पाण्यातले क्षार ब्लॉकच्या आतल्या वाटांत बसतात, वाटा अरुंद होतात, इंजिन तापतं. मग गावचा मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून देतो. गाडी तापायची कमी होते, सगळे खूश. पण हिवाळ्यात तेच इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि ते पेट्रोल बोअरवरचं ऑईल धुऊन काढतं. म्हणून जवळपासच्या गाडीचं इंजिन घेताना थर्मोस्टॅटचं घर उघडून आत बोट घाला. पांढरट, खडूसारखा थर लागला आणि थर्मोस्टॅट गायब असला, तर हेड वाकलेलं असणार असं धरूनच भाव करा. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (पातळ मापाची पानं) सरकवा. ०.०५ मिमीचं पान आरपार गेलं तर हेड प्लेन करावं लागेल.

‘कमी किलोमीटर’ या मुद्द्याला फार वेळ देत नाही. किलोमीटर मीटरमध्ये असतात आणि मीटर गाडीत राहिलेला असतो. सुट्या इंजिनाचे किलोमीटर म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचे शब्द. उलट खरोखर कमी चाललेलं पण वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेलं इंजिन जास्त धोक्याचं: सील वाळतात, बोअरला गंज धरतो. बघायचं ते हे की इंजिन गॅसवर चाललंय का. आपल्याकडे ओम्नी, एस्टीम कितीतरी एलपीजी किटवर धावल्या. किट काढून विकतात, पण खुणा राहतात. व्हेपोरायझरला (द्रव गॅसची वाफ करणाऱ्या भागाला) गरम पाणी लागतं, म्हणून पाण्याच्या नळीला मध्येच टी-जॉइंट दिसतो. हवेच्या नळीला बुजवलेलं भोक दिसतं. कोरड्या गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट खचतात.

हेड घासण्याचं फर्मान अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. कॉम्प्रेशन रेशो वाढला की ताकद थोडी वाढते. एस्टीमच्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण ३२५ सीसी. रेशो ९.५ धरला तर वर उरलेली पोकळी ३८ सीसी. हेड अर्धा मिमी घासलं तर जास्तीत जास्त दोन सीसी कमी होतात आणि रेशो फार तर १० पर्यंत जातो. यासाठी तुम्ही काय देता? हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टचं गणित हलतं, कॅम मागे पडतो. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. आणि आपल्या उन्हात साध्या पेट्रोलवर नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, सुरू होतं, ते पिस्टनची कड खातं. त्यात हेड आधीच कोणी दोनदा घासलेलं असलं तर? उंची मोजल्याशिवाय हात लावू नका. उन्हाची किंमत वेगळीच. ४४ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्के विरळ असते आणि इंजिनाची ताकद साधारण त्याच मापाने पडते. पौषातल्या पहाटे गाडी पळवलीत तर हेड घासून मिळणार होतं त्याहून जास्त फुकटात मिळतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही, आणि बजेट तिथे फाटतं. इंजिन एकटं घेऊ नका. गिअरबॉक्स, ईसीयू, पूर्ण वायरिंग, सेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, माउंट, शक्यतो एकाच गाडीचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटं सगळं मिळतं, पण प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा भाव आणि वेगळी फेरी. वायर कापून दिलेलं इंजिन स्वस्त दिसतं, नंतर ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढेच पैसे घेतो. होंडा सिटीचं १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, होंडाची ती जुनी इंजिनं बाकीच्यांच्या उलट्या दिशेने फिरतात. मारुतीचा गिअरबॉक्स त्याला लावायचा विचारही नको. घ्यायचं तर होंडाचं सगळंच घ्या, आणि ते होंडाच्याच गाडीत घाला.

राहिले कागद. इंजिन नंबर आरसीवर असतो. गाडीत दुसरं इंजिन घातलंत तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. गाडी ट्रेलरवरून फक्त स्पर्धेला नेणार असाल तरी इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुम्ही कुठे चालवता ते विचारत नाहीत. विक्रेत्याची पावती, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ओळखपत्राची झेरॉक्स, एवढं मिळालं तर पैसे द्या. आणि बायपासवर रात्री लावलेली रेस ‘रोडवर चालवणं’ नाही असं कोणाला वाटत असेल, तर कलम १८९ नुसार पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या स्पर्धा झाल्या आहेत, तिथे घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजतं. तिथे जायचं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आधी बघा. तो घासलेला असेल तर भावही विचारू नका.