लाइन काढतानाचं काय?

सेंट्रल लाइन (मानेसारख्या ठिकाणाहून मोठ्या शिरेत बसवलेली नळी) घालताना शिरेत हवा शिरू नये म्हणून काय करायचं ते तुमच्या लेखात सविस्तर आहे, पण लाइन काढण्याचा भाग एका ओळीत उरकलाय. मी आयसीयूत नर्स आहे, म्हणून खटकलं. बसलेल्या पेशंटने श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो आणि मानेतल्या भोकातून हवा सरळ शिरेत ओढली जाते. म्हणून आडवं झोपवून, डोकं जरा खाली ठेवून, श्वास सोडतानाच लाइन काढायची. भोकावर नुसता गॉझ (जाळीदार पट्टी) तर नकोच, त्यातून हवा जाते! हवाबंद ड्रेसिंग किमान 24 तास हवं. कातडीखालची वाट लगेच बुजत नाही. एकदा खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या लाइनची टोपी सैल दिसली, क्लॅम्पही (नळी दाबून बंद करणारा चिमटा) उघडा, म्हणजे हवेला वाट मोकळी. आधी क्लॅम्प लावला, मग मी ओरडले.